अजून आलं नाही

घर कसं आहे ते मी पाण्यावरून ओळखते. लोक मला आधी दिवाणखाना दाखवतात, नवीन पडदे दाखवतात, आणि मी म्हणते, मला नळाशी न्या. पहिला घोट तोंडात घ्यायचा, डोळे मिटायचे आणि तो जिभेवर नुसता धरून ठेवायचा. मग मी खाली जाते. फरशीखालून, मुरमातून, खडकाच्या चिरेतून, जिथून ते पाणी आलं तिथवर. कुठे लोखंड लागतं, कुठे कुजलेला पाला, कुठे शेजारच्या घरची साबणाची मोरी. सगळं पाहून झालं की परत वर यायचं आणि घोट थुंकून टाकायचा. कामावर असताना परक्या घरचं पाणी मी गिळत नाही, हा माझा नेम.

माझ्या पेटीतल्या बाटल्या मग बोलायला लागतात. बहुतेक वेळा त्या जिभेचंच म्हणणं पुढे नेतात, कधी खोटं पाडतात. खोटं पाडलं तर मी बाटल्यांचं ऐकते, कारण जिभेला हाड नसतं. पण ज्यांच्या घरी जाते त्यांचं मी फारसं ऐकत नाही. त्यांना मशीनवर दिवा पेटला की पाणी शुद्ध झालं असं वाटतं, आणि तसं नाही म्हटलं की राग येतो. मलाही येतो. गावभर मला पाणीवाली म्हणतात, मागे काय म्हणतात ते मी विचारलेलं नाही.

त्या घरी गेले तेव्हा दुपार होती. पुढची खोली म्हणजे फोटोफ्रेमचं दुकान होतं. भिंतीवर रिकाम्या चौकटी टांगलेल्या, मोठीत लहान, लहानीत आणखी लहान, आणि त्यातल्या एकीतून मागचं अंगण दिसत होतं. टेबलावर नुकत्या कापलेल्या काचा होत्या. पंख्याने त्यांच्यावरचा कागद हलला की उजेडाचे तुकडे छतावर पोहायला लागत. तळ्याच्या तळाशी उभं राहून वर पाहावं तसं मला वाटलं, आणि मी आले कशाला तेच क्षणभर विसरले.

“ताई, तुम्हीच ना पाणीवाल्या?”

दुकान चालवणारी बाई पुढे आली. चाळिशीची असेल. बोटांना डिंक, कानामागे पेन्सिल. घरात ती आणि तिचे सासरे दोघंच असायचे. नवरा कामानिमित्त फिरतीवर.

“पाण्यात काहीतरी आहे ताई,” ती म्हणाली. “बाबा पीतच नाहीत.”

“अजिबात?”

“ग्लास हातात घेतात, बघतात, खाली ठेवतात. औषधापुरतं चमच्याने देते, त्यातलं निम्मं शर्टावर. घशाला काही झालेलं नाही, बाकी सगळं खातात. डॉक्टर म्हणाले, अशानं सुकून जातील, दवाखान्यात ठेवून सलाइन लावावं लागेल.” तिने ब्रश उचलला. “मागे एकदा ठेवलं होतं. सुया उपसतात म्हणून हात पट्ट्यांनी बांधले होते. घरी आले ते निम्मेच आले. आता परत नेलं तर...”

ती टेबलावरचा काचेचा चुरा ब्रशने गोळा करत राहिली.

“पाण्याबद्दल काय म्हणतात?” मी विचारलं.

“चव आली नाही म्हणतात. दर वेळी तेच. या घरात राहायला आलो तेव्हापासून. जुन्या घरी नळाला वेळेवर पाणी यायचं, ते घटाघटा प्यायचे. इथे बोअर आहे, वर टाकी आहे, हे मशीन आहे. कधीही नळ सोडा, पाणी आहेच. मशीनवाला म्हणाला होता, नवीन आहे, चव यायला थोडा वेळ लागेल. तर त्यांचं आपलं एकच, अजून आलीच नाही.”

“जिभेचे फार चोखंदळ आहेत का?”

“तसे नाहीत. पण सगळी नोकरी पाणीखात्यात गेली ना. पाण्यातलं त्यांना कळत असणार.”

पाणीखात्यातले निवृत्त लोक मला ठाऊक आहेत. सगळा जन्म खुर्चीत बसून काढलेला असतो आणि मला क्लोरीन शिकवतात. हे त्यातलेच असणार, असं मी मनात म्हटलं.

“सुनेला पाण्यात पाहणारे सासरे ऐकले होते,” ती हसून म्हणाली, “आमचे पाण्याकडेही पाहीनात.” विनोद चांगला होता, पण तिचं हसू मध्येच ओलं झालं. “मी लग्न होऊन आले ना, तेव्हा म्हणाले होते, हे घर तुझं, तू चुकलीस तरी तुझंच. एवढ्या वर्षांत आवाज चढवला नाही कधी. आणि आता मी दिलेला ग्लास खाली ठेवतात. दुसऱ्या कुणी दिला असता तर प्याले असते का, असं वाटत राहतं.”

बाबा आत झोपले होते. मी स्वयंपाकघरात पेटी उघडली. आधी बोअरचा नळ, मग मशीनचा. कठीणपणा पाहायला बोअरच्या पाण्यात थेंब टाकत गेले. लालसर रंग जांभळा झाला, आणि बराच वेळ थांबवून ठेवून एकदाचा निळा. पाणी जड होतं, क्षार होते, पण घाबरण्यासारखं काही नव्हतं. घोट घेतला, डोळे मिटले. काळा दगड, थंड अंधार, दगडात कुणीतरी झोपल्यासारखा एक संथ श्वास. चांगलं पाणी होतं. जरा हट्टी, पण चांगलं.

मशीनचं पाणी घेतलं आणि कुठेच गेले नाही. डोळे मिटले तर नुसतं पांढरं. मशीनवाल्याने स्क्रू इतका आवळून ठेवला होता की पाण्यातलं पाणीपण तेवढं काढायचं राहिलं होतं.

“हे बघा,” मी तिला म्हटलं, “यात काहीच शिल्लक नाही. चव येणार कुठून? आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?”

मी स्क्रू सैल केला, बोअरचं थोडं पाणी मशीनच्या पाण्यात मिसळू दिलं. जंतूंची चाचणी म्हणून एक लहान बाटली भरून ओट्यावर उबेला ठेवली आणि पाणी काळं झालं तर फोन करा म्हणून सांगितलं. निघताना ती दारापर्यंत आली. “आता पितील ना?” तिने विचारलं. मी म्हटलं, पितील. इतक्या सहज म्हटलं की नंतर मलाच त्याची लाज वाटली.

परतताना बसमध्ये डोळा लागला. पाण्याचं काम केलं की मला पाण्याचीच स्वप्नं पडतात. मी एका चढावर चालले होते आणि माझ्यापुढे जमिनीखालून पाण्याची एक बारीक रेघ चढत होती. धापा टाकत, थांबत, पुन्हा चढत. तो आमचा चढ होता. लहानपणी आमचं घर त्या चढावर सगळ्यात वरचं, शेवटचं. सगळ्या घरांचं भरून झालं की उरलंसुरलं पाणी आमच्याकडे यायचं. खाली वळणावर एक माणूस रस्त्यातल्या व्हॉल्व्हच्या खड्ड्यात लांबलचक चावी घालून ती फिरवत असायचा. चावीकाका म्हणायचो आम्ही त्यांना. त्यांचा चेहरा मी कधी पाहिला नव्हता, वरून फक्त डोकं दिसायचं आणि चावीच्या आडव्या दांड्यावरचे हात. आमचा नळ आधी सुस्कारे टाकायचा, मग खोकायचा, मग धार यायची. ती आली की गच्चीवरून खाली ओरडायचं काम माझं. मी ओरडल्याशिवाय ते चावी बंद करायचे नाहीत. स्वप्नात मी ओरडायला तोंड उघडलं आणि माझा थांबा आला.

काही दिवसांनी तिचा फोन आला. बाटली स्वच्छ होती. बाबा पीत नव्हते.

“ओठ फुटलेत ताई,” ती म्हणाली. “गाडी सांगू का दवाखान्याला?”

“मी येईपर्यंत नको,” मी म्हटलं. तोंडचं पाणी पळालं होतं माझ्या, पण आवाजात मी ते येऊ दिलं नाही.

या वेळी मी पेटीबरोबर पाणी घेऊन गेले. एका बाटलीत झऱ्याचं, एकीत जुन्या वस्तीतल्या नळाचं, एकीत माझ्या घरचं, एकीत उकळून गार केलेलं. अंगणात सावलीला बाबा वेताच्या खुर्चीत बसले होते. मी त्यांना पहिल्यांदाच पाहत होते. उंच माणूस, खुर्चीत घडी घातल्यासारखा. डोळ्यांवर ढगाळ साय. मी समोरच्या स्टुलावर ग्लास भरून मांडले. त्यांच्यातून ऊन खाली गेलं आणि फरशीवर पिवळे गोल हलायला लागले. बाबा त्या गोलांकडे पाहत बसले. मीही पाहत बसले. किती वेळ गेला कुणास ठाऊक, त्या अंगणात वेळ झिरपत होता, वाहत नव्हता.

“बाबा, घ्या ना,” सून म्हणाली.

त्यांनी एकेक ग्लास उचलला. वास घेतला, उजेडाला धरला आणि नीट जागच्या जागी ठेवला.

“छान आहे,” ते म्हणाले. दुसऱ्यालाही म्हणाले, छान आहे. सगळ्यांनाच म्हणाले. एवढ्या अदबीने कुणी माझं पाणी नाकारलं नव्हतं.

“मग प्या की,” मी म्हटलं, जरा चिडूनच.

“पिईन. पण आधी वर.” त्यांनी बोट आभाळाकडे केलं.

सुनेचा चेहरा उतरला. तिने मला बाजूला घेतलं. “वर जायचं म्हणतात, ताई. कालपासून तेच चाललंय. आधी वर, आधी वर. त्यांचं मन उडालंय इथून. मी काय करू?”

आणि ती दाराच्या चौकटीला टेकून रडायला लागली, आवाज न करता, दुकानात कुणी आलं तर कळू नये अशी. मला तिला जवळ घ्यावंसं वाटलं, पण तेवढं मला जमत नाही. मला दुरुस्ती जमते.

“अहो, वर टाकी आहे,” मी म्हटलं. “पाणीखात्यातला माणूस आहे, आधी टाकी बघा असंच म्हणणार. मशीन पाहिलं, नळ पाहिले, टाकीच पाहायची राहिली. काखेत कळसा अन् गावाला वळसा.”

मी लोखंडी जिन्याने गच्चीवर गेले. टाकीचं झाकण सरकवलं. आत पाणी इतकं शांत होतं की आभाळ आधी दिसलं, पाणी नंतर. एक ढग तळाशी बसला होता. मी बाही सरसावून कोपरापर्यंत हात घातला, बाजूच्या भिंतीवर बोटं फिरवली. शेवाळ नाही, गाळ नाही. ढग माझ्या बोटांभोवती मोडला आणि पुन्हा जुळला. टाकीचा दोष नव्हता. कशाचाच दोष नव्हता, आणि खाली एक माणूस तहानेने सुकत चालला होता.

तिला सांगायला म्हणून मी कठड्यावरून वाकले.

खाली अंगणात मला एक डोकं दिसलं. मधोमध टक्कल, उजव्या कानाकडे किंचित कललेलं, ऐकत असल्यासारखं. आणि गुडघ्यांच्या वर दोन हात, आडवा दांडा धरल्यासारखे. दांडा नव्हता. हात मात्र सावकाश फिरत होते, थोडे फिरून थांबत होते, मग डोकं आणखी कलत होतं.

हे डोकं मी ओळखत होते. समोर बसून तास घालवला तरी ओळखलं नव्हतं, कारण मी ते कधी समोरून पाहिलेलंच नव्हतं. मला ते ठाऊक होतं फक्त वरून.

सून ग्लास घेऊन त्यांच्याजवळ गेली. “बाबा, एक घोट. माझ्यासाठी.”

“अजून आलं नाही,” ते म्हणाले.

मी ते स्वतःच्या कानांनी ऐकलं. आलं नाही. चव असती तर आली नाही म्हणाले असते. मशीनवाल्याने तिच्या डोक्यात चव भरवून दिली होती, आणि त्यापुढे तिला तीच ऐकू येत होती. मी तर बोलूनचालून पाण्याची बाई, पण मीही तिच्या तोंडचं घेतलं आणि त्यांच्या तोंडचं ऐकायला थांबले नाही. त्यांना चवीचं काही पडलेलं नव्हतं. या घरात पाणी कधी येतच नव्हतं. ते असायचंच. जुन्या घरी रोज कुणीतरी गल्लीत ओरडत असणार, आणि ते पीत असणार. इथे कुणी ओरडायला नव्हतं. चावीकाका चावी धरून बसले होते, चढावरच्या शेवटच्या घराची वाट पाहत.

मी दोन्ही हात कठड्यावर ठेवले. मला वाटलं आवाज फुटणार नाही. फुटला तो या वयाचा नव्हता.

“काका, पाणी आलं हो.”

हात थांबले. डोकं वर झालं. त्या सायीतून त्यांना काय दिसत होतं कोण जाणे, पण ते बरोबर माझ्याकडे पाहत होते.

“शेवटच्या घरी?”

“शेवटच्या घरी.”

“धार आहे, का नुसती हवा?”

“धार आहे काका. हंडा भरतोय.”

सून ग्लास धरून तशीच उभी होती, एकदा त्यांच्याकडे, एकदा माझ्याकडे पाहत. मला वाटलं, झालं, आता पितील. पण त्यांनी ग्लासाला हात लावला नाही.

“मग पी की,” ते वर बघून म्हणाले. “तू प्यालीस की मी पितो.”

तेव्हा मला कळलं. आम्ही गच्चीवर भांडी मांडून, चिडून, रडून त्या पाण्याची वाट पाहायचो, आणि खाली एक माणूस तोंडाला पाणी न लावता आमची वाट पाहत असायचा. रोज. मी ओरडले की आमचं घर पाण्याकडे धावायचं. त्यानंतर खाली तो पाणी पितो, हे आम्हाला कुणी सांगितलं नव्हतं. माझे डोळे भरून आले आणि मी ते पुसले नाहीत.

मी टाकीत ओंजळ बुडवली. आभाळासकट वर काढली आणि कठड्याशी येऊन त्यांना दिसेल अशी प्याले. थुंकले नाही. ते काळ्या दगडातलं हट्टी पाणी घशाखाली उतरलं आणि मला कुठे खाली घेऊन गेलं नाही, वर घेऊन गेलं. चढाच्या टोकाला, आईने घासून ठेवलेल्या हंड्यापाशी.

“प्याले काका.”

त्यांनी दांडा उलटा फिरवला, अगदी शेवटपर्यंत, हाताला अडेपर्यंत. मग सुनेकडे हात केला. “आण बाळ. घसा वाळला.”

ते ग्लास संपेपर्यंत थांबले नाहीत. गळ्याचं हाड वर-खाली होताना मला गच्चीवरून दिसत होतं. तिने स्टुलावरचा दुसरा दिला, तो प्याले. मग तिसरा. शर्टावर एक थेंब पडला नाही. सुनेने तोंडावर हात दाबून धरला होता.

“बाबा, तुम्ही कामावर पाण्याला शिवत नव्हता, असं हे सांगायचे,” ती म्हणाली. “का ते मी कधी विचारलंच नाही.”

“वरचं घर राहिलेलं असायचं ना,” ते म्हणाले. मग त्यांनी दोन्ही हात तिच्यापुढे केले, आडवा दांडा धरलेले. “ही ठेव आता. उद्या लागेल.”

मी वरून ओरडून तिला सांगणार होते, पण सांगावं लागलं नाही. तिने ग्लास खाली ठेवला, ओढणीला हात पुसले आणि त्यांच्या हातातून चावी घेतली. दोन्ही हातांनी, जपून. ती जड होती, हे तिच्या खांद्यांवरून मला इतक्या वरूनही कळत होतं. तिने ती अंगणाच्या भिंतीशी नेली, पडू नये अशी टेकवून ठेवली आणि मान वर करून मला विचारलं, “ताई, उद्या किती वाजता ओरडायचं?”